कवायतींतील सोबत



नभोवाणीचा स्वभाव मोठा एकांतप्रिय आहे. भाषण करणारा एका लहानशा खोलींत बसून बोलतो, आणि ऐकणारा आपल्या घरीं, आपल्या खुर्चींत बसून ऐकतो. दोघांची गांठ बहुधा कधींच पडत नाहीं. असें असतांना एका देशांत नभोवाणीच्या दहा मिनिटांच्या एका कार्यक्रमानें माणसांना घराबाहेर काढलें, एका अंगणांत शेजारीं शेजारीं उभें केलें, आणि कालांतरानें त्यांतील वृद्धांना म्हातारपणची सोबत मिळवून दिली. तो देश जपान, व तो कार्यक्रम म्हणजे सकाळची कवायत. जपानी भाषेंत तिला 'राजिओ ताइसो' म्हणतात. 'राजिओ' म्हणजे आपला रेडिओ, आणि 'ताइसो' म्हणजे अंगाची कवायत. या कवायतीचा इतिहास आज आपणांस सांगावयाचा आहे. समुदायानें केलेल्या व्यायामाचा वृद्धांस काय उपयोग होतो, हा प्रश्न आज आपल्याही दारांत येऊन उभा राहिला आहे. आणि त्याचें उत्तर उपदेशापेक्षां इतिहासांत अधिक स्पष्ट सांपडतें, असें मला वाटतें.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. समुदायानें व्यायाम करण्याची आधुनिक चाल ज्यांनीं पाडली, त्यांच्या डोळ्यांपुढें म्हातारा मनुष्य नव्हताच. १८०६ सालीं नेपोलियननें प्रशियाचा पराभव केला. त्या पराभवाचें शल्य उरांत बाळगून फ्रीड्रिख लुड्विग यान नांवाच्या शिक्षकानें १८११ सालीं बर्लिनजवळ हाजेनहाइडे येथें उघड्या मैदानावर तरुणांचा आखाडा सुरू केला. दोनच वर्षांनीं, १८१३ सालीं, पेर हेन्रिक लिंग यानें स्टॉकहोम येथें व्यायामशिक्षणाची मध्यवर्ती संस्था स्थापिली. लिंगच्या पद्धतीला वैद्यकाची जोड होती हें खरें. तरी तिचा मुख्य ओघ शाळेकडे व सैन्याकडेच वाहिला. १८६२ सालीं प्राग शहरांत चेक लोकांची 'सोकोल' म्हणजे 'ससाणा' या नांवाची संस्था निघाली. या सर्व ठिकाणीं राष्ट्राला सुदृढ तरुण हवे होते. पन्नाशी उलटलेल्या मनुष्यानें फार तर कडेच्या बाकावर बसून त्यांचें कौतुक करावें, एवढेंच त्याच्या वांट्यास आलें.

आपल्याकडे तरी निराळें काय होतें? तालमींतल्या लाल मातींत उतरत तीं तरुण पोरें. वस्ताद लंगोट कसून मध्यें उभा राही, आणि गांवांतलीं म्हातारीं माणसें बाहेर ओट्यावर बसून जुन्या कुस्त्यांच्या गोष्टी सांगत. ओट्यावरचा तो सहवास कांहीं कमी मोलाचा नव्हता. परंतु व्यायाम आंत आणि सहवास बाहेर, अशी त्यांची फारकत झालेली होती.

युरोपांतील या इतिहासांत आणखी एक धडा आहे, व तो आपणांस पुढें उपयोगीं पडेल. समुदायानें केलेला व्यायाम ही एक शक्ति आहे, हें राज्यकर्त्यांनीं फार लौकर ओळखलें. यानच्या आखाड्यांत स्वातंत्र्याच्या गोष्टी बोलल्या जातात असें दिसतांच १८१९ सालीं त्याला अटक झाली. पुढें प्रशियांत या आखाड्यांवर जी बंदी आली, ती १८४२ पर्यंत टिकली. माणसें एकत्र जमून हातपाय हालवूं लागलीं म्हणजे त्यांच्यांत केवळ स्नायूंचें बळ उत्पन्न होत नाहीं, 'आपण' ही भावना उत्पन्न होते. आणि या भावनेला राजसत्ता एक तर भिते, नाहीं तर तिला आपल्या कामास जुंपते.

वयस्क मनुष्याचा प्रवेश या इतिहासांत झाला, तो विम्याच्या दारानें. हें ऐकून नवल वाटेल. पण विचार केला म्हणजे त्यांतील हिशेब कळतो. विमा उतरलेला मनुष्य जितका अधिक जगेल, तितके हप्ते अधिक दिवस येत राहतात, आणि त्याच्या मृत्यूनंतरची रक्कम तितकी उशिरां द्यावी लागते. हा हिशेब ध्यानांत घेऊन अमेरिकेंतील मेट्रोपॉलिटन लाइफ या विमाकंपनीनें १९२५ सालीं न्यूयॉर्क येथील आपल्या उंच मनोऱ्यांतून रोज सकाळीं व्यायामाचे पाठ नभोवाणीवरून देण्यास आरंभ केला. आर्थर बॅग्ली नांवाचे शिक्षक सूचना देत, आणि लोक आपापल्या घरीं त्याप्रमाणें हातपाय हालवीत. शाळा सोडून वर्षें लोटलेल्या, चाळिशी-पन्नाशीच्या माणसालाही कोणी व्यायामाला बोलावीत आहे, ही गोष्ट नवी होती.

जपानमध्यें त्या वेळीं टपालखात्याचा विमा चालत असे. तो १९१६ सालीं सुरू झाला होता. लहान हप्त्याचा व वैद्यकीय तपासणीवांचून मिळणारा असा हा विमा असल्यामुळें तो सामान्य लोकांत पसरला, आणि म्हणूनच लोकांच्या प्रकृतीची काळजी त्या खात्यास वाहावी लागली. अमेरिकेंतील हा उपक्रम त्या खात्याच्या अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडला. जपानमध्यें नभोवाणी नुकतीच, १९२५ सालीं, सुरू झाली होती. विमाखातें, शिक्षणखातें आणि नभोवाणी यांनीं मिळून एक सोपी कवायत आंखली, व १ नोव्हेंबर १९२८ रोजीं सकाळीं सात वाजतां टोकियो केंद्रावरून तिचा पहिला कार्यक्रम झाला. त्याच महिन्यांत सम्राट हिरोहितो यांचा राज्यारोहण समारंभ व्हावयाचा होता, आणि त्या समारंभाच्या निमित्तानेंच ही योजना पुढें आली होती. सूचना देणारे शिक्षक एगी रिइची हे पूर्वी सैन्यांत होते. त्यांचा आवाज पुढें अनेक वर्षें जपानी घरांत रोज सकाळीं ऐकूं येत असे.

येथपर्यंत ही गोष्ट अमेरिकेसारखीच आहे. आवाज एकाचा, ऐकणारे अनेक, आणि प्रत्येकजण आपल्या घरांत एकटा. परंतु १९३० सालच्या उन्हाळ्याच्या सुटींत टोकियोच्या कांडा भागांतील एका पोलिसानें एक साधी गोष्ट केली. शाळा बंद असल्यामुळें मुलें उनाडतात, सकाळीं उशिरां उठतात, हें पाहून त्यानें पेठेंतील मुलांना एका मोकळ्या जागेंत जमविलें आणि रेडिओच्या तालावर त्यांची कवायत सुरू केली. मुलांच्या मागोमाग आईबाप आले, आणि शेजारीपाजारी आले. एका पेठेचें पाहून दुसरी पेठ उठली, आणि थोड्याच वर्षांत गांवोगांवीं अशीं कवायतमंडळें निघालीं. त्या जागीं आज एक लहानसें उद्यान आहे व तेथें या प्रारंभाचें स्मारक उभें केलेलें आहे. इतिहासांत मोठमोठ्या योजना खात्यांच्या कचेऱ्यांत जन्मतात. परंतु त्यांत प्राण भरतो तो बहुधा असा एखादा पायीं फिरणारा मनुष्य. आवाज नभोवाणीनें दिला खरा. अंगण मात्र त्या पोलिसानें दिलें.

आणखी एक लहानशी वस्तु या अंगणांत आली. मुलाच्या गळ्यांत दोऱ्यानें अडकविलेलें एक कार्ड असे, आणि रोजच्या कवायतीनंतर त्यावर उपस्थितीचा शिक्का उठविला जाई. सुटी संपेपर्यंत सगळे चौकोन शिक्क्यांनीं भरले म्हणजे मुलाला केवढा आनंद होई! ही चाल जपानमध्यें अद्याप आहे. या शिक्क्याकडे मला पुन्हां वळावयाचें आहे.

मध्यंतरीं जें घडलें, तें झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. १९३७ सालीं जपाननें चीनशीं युद्ध आरंभिलें, आणि कवायतीचें रूप पालटूं लागलें. जी गोष्ट प्रकृतीसाठीं होती, ती राष्ट्राच्या आज्ञेसाठीं झाली. कवायतीच्या जोडीला राष्ट्रभक्तीचे विधि आले. जपानच्या अमलाखालील कोरियांत व तैवानांतही लोकांना याच तालावर हात उचलावे लागले. लाखों माणसें एकाच क्षणीं एकाच आवाजावर एकच हालचाल करीत आहेत, हें दृश्य सत्तेला फार आवडतें. १९४५ सालीं जपान शरण आला. १९४६ सालीं नवी कवायत बसविण्याचा प्रयत्न झाला. परंतु तेथें आलेल्या दोस्तांच्या लष्करी अमलास या सामुदायिक हालचालींत जुन्या आज्ञाधारकपणाचा वास येत होता, आणि १९४७ सालीं ती नभोवाणीवरून बंद झाली.

कवायत जर केवळ सरकारच्या सक्तीनें चालली असती, तर ती येथेंच संपली असती. सक्ती गेली, सम्राटाच्या नांवाचा धाक गेला. तरीही लोकांना तिची आठवण राहिली होती, आणि ६ मे १९५१ रोजीं नव्या संगीतावर, नव्या आंखणीनें ती पुन्हां सुरू झाली. या वेळीं कोणावरही सक्ती नव्हती. ज्याला यावेंसें वाटेल त्यानें यावें, ज्याला नको त्यानें अंथरुणांत पडून राहावें. आज जपानमध्यें चालते ती हीच कवायत. तींत तेरा हालचाली आहेत, व त्यांस सुमारें तीन मिनिटें लागतात. दुसऱ्या वर्षीं, म्हणजे १९५२ सालीं, तिला थोड्या जोरकस अशा दुसऱ्या कवायतीची जोड मिळाली. रोज सकाळीं साडेसहा वाजतां दहा मिनिटें हा कार्यक्रम पियानोच्या साथीवर लागतो, आणि उद्यानांत, देवळांच्या आवारांत, नदीच्या कांठीं माणसें रेडिओभोवतीं जमतात.

हीं माणसें कोण असतात? येथें काळानें आपलें काम केलेलें दिसतें. १९५१ सालीं दहा वर्षांचा असलेला मुलगा १९९९ सालीं अठ्ठावन्न वर्षांचा झाला, आणि २०२१ सालीं ऐंशी वर्षांचा झाला. १९५० सालीं जपानमध्यें पांसष्टीच्या पुढचीं माणसें शंभरांत सुमारें पांच होतीं; आज तीं शंभरांत सुमारें एकोणतीस आहेत. मुलांसाठीं मांडलेलें अंगण अशा रीतीनें न कळत आजोबा-आजींचें झालें. लहानपणीं अंगांत मुरलेल्या हालचाली म्हातारपणीं विसरत नाहींत; सूर कानीं पडला कीं हात आपोआप वर जातो. जें बाळपणीं सुटीचें काम म्हणून केलें, तें वार्धक्यांत रोजच्या भेटीचें निमित्त झालें.

पुढें वृद्धांचा मुद्दाम विचार सुरू झाला. संयुक्त राष्ट्रसंघानें १९९९ हें वर्ष वृद्धांचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलें, त्या वर्षीं जपानमध्यें 'सर्वांची कवायत' या अर्थाच्या नांवानें एक तिसरी कवायत निघाली. ती खुर्चीवर बसूनही करतां येते. नंतर २००२ सालीं कोची नांवाच्या शहरानें आणखी एक पाऊल पुढें टाकलें. तेथील आरोग्यखात्यानें वृद्धांसाठीं बसून करावयाची अशी कवायत बसविली कीं, जींत मनगटांस व घोट्यांस वजनाच्या पट्ट्या बांधावयाच्या आणि हातपाय अगदीं सावकाश उचलावयाचे. पट्टींतलें वजन ज्याच्या त्याच्या शक्तीप्रमाणें थोडें थोडें वाढवितां येतें. तिचें नांव 'शंभरीची उत्साही कवायत' अशा अर्थाचें आहे. या उपक्रमाचें खरें वैशिष्ट्य पट्ट्यांत नाहीं. पेठेंतल्या सभागृहांत वृद्ध स्वतः जमतात, खुर्च्या स्वतः मांडतात, आणि आठवड्यांतून एकदां-दोनदां हा वर्ग स्वतःच चालवितात. कोचीचें पाहून हा प्रकार जपानभर पसरला, आणि अशा जागांना आज तेथें जें नांव आहे, त्याचा सरळ अर्थ 'नेमानें जाण्याचें ठिकाण' असा होतो. व्यायामाचें ठिकाण नव्हे, उपचाराचें ठिकाण नव्हे, जाण्याचें ठिकाण. या साध्या शब्दांत सगळें मर्म आलें आहे, असें मला वाटतें.

आतां कोणी विचारील, या वयांत अशा हालचालींनीं शरीराला खरोखर कांहीं गुण येतो काय? वैद्यकशास्त्राचें उत्तर स्पष्ट आहे. १९९० सालीं अमेरिकेंत बोस्टन येथील एका वृद्धाश्रमांत डॉ. मारिया फियातारोने व त्यांचे सहकारी यांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. शहाऐंशी ते शहाण्णव वर्षांच्या दहा वृद्धांना आठ आठवडे पायानें वजन उचलण्याचा व्यायाम देण्यांत आला. ज्यांनीं तो पुरा केला, त्यांच्या मांडीच्या स्नायूंची शक्ति सरासरीनें दुपटीहूनही अधिक झाली. म्हणजे नव्वदीच्या घरांतलें शरीरसुद्धां शिकवलें तर शिकतें. म्हातारपणीं सर्वांत घातक गोष्ट म्हणजे पडणें. एकदां खुब्याचें हाड मोडलें कीं, चालतेंबोलतें माणूस अंथरुणाला खिळतें. २०१९ सालीं एकशेंआठ प्रयोगांचें एकत्र परीक्षण प्रसिद्ध झालें. त्यांत असें दिसून आलें कीं, व्यायामामुळें वृद्धांच्या पडण्याचें प्रमाण सुमारें शेंकडा तेवीसनें कमी होतें. त्यांतही तोल सांभाळण्याचा सराव महत्त्वाचा. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं जो सल्ला दिला, त्यांत वृद्धांनीं इतर व्यायामाबरोबर आठवड्यांतून तीन किंवा अधिक दिवस तोलाचा व शक्तीचा सराव करावा, असें सांगितलें आहे.

हें झालें शरीराचें. परंतु सोबतीचाही हिशेब शास्त्रानें मांडला आहे. २०१० सालीं अमेरिकेंतील ज्युलियान होल्ट-लुन्स्टाड व त्यांचे सहकारी यांनीं एकशेंअठ्ठेचाळीस अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत तीन लाखांवर माणसांची माहिती होती. ज्यांचे इतरांशीं संबंध बळकट, त्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळांत जगण्याची शक्यता, एकाकी माणसांच्या मानानें, सुमारें दीडपट दिसून आली. एकटेपणा हा केवळ मनाचा विषाद नसून तो शरीरालाही पोखरतो, असाच याचा अर्थ.

आतां त्या शिक्क्याकडे वळूं. मीं शाळेंत उभें आयुष्य घालविलें, आणि रोज सकाळीं हजेरी घेतली. हजेरीपट म्हणजे मुलांना धाकांत ठेवण्याचें साधन, अशी सर्वांची समजूत असते. मला मात्र वर्षानुवर्षें असें दिसलें कीं, आपलें नांव पुकारलें जावें अशी मुलाला आंतून इच्छा असते. चार दिवसांच्या तापांतून उठून आलेला मुलगा 'हजर' म्हणतो, तेव्हां त्याच्या आवाजांत निराळाच उत्साह असतो. कारण चार दिवस त्याच्या नांवापुढें रिकामी जागा होती, आणि ती कोणीतरी पाहिली होती. मनुष्य मोठा होतो, तेव्हां कचेरींत, गिरणींत, बाजारांत, कोठेंतरी त्याची हजेरी लागतच असते. पुढें सेवानिवृत्ति येते, सोबती एकेक करून जातात, मुलें दूरच्या शहरीं जातात, आणि त्याचें नांव एकेका हजेरीपटांतून कमी होत जातें. शेवटीं असा एक दिवस येतो कीं, हा मनुष्य आज कोठें दिसला नाहीं, असें म्हणणारें कोणीच उरत नाहीं. वार्धक्याचें दुःख दुखणाऱ्या गुडघ्यापेक्षां या रिकाम्या हजेरींत अधिक आहे.

सामुदायिक कवायत नेमकी ही उणीव भरून काढते. ती कशी, तें पाहा. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, आणि हालचालींचा क्रम ठरलेला. कांहीं बोललें नाहीं तरी चालतें. त्यामुळें लाजऱ्या मनुष्यालाही तेथें उभें राहतां येतें. चढाओढ नाहीं; त्यामुळें ज्याचा हात खांद्यापर्यंतच जातो, त्याला कमीपणा नाहीं. वर्गणी नाहीं, गणवेश नाहीं. त्यामुळें पेन्शनीचा अधिकारी आणि भाजी विकणारी म्हातारी एका रांगेंत येतात. आणि मुख्य म्हणजे, रोजची जागा एखाद्या सकाळीं रिकामी दिसली कीं शेजारच्याचें लक्ष तिकडे जातें. कवायत संपल्यावर कोणी तरी त्याच्या दारावर थाप मारतें. मनुष्य पहिल्या दिवशीं येतो तो प्रकृतीसाठीं. शंभराव्या दिवशीं येतो, तो आपण न गेलों तर चार माणसें वाट पाहतील म्हणून. आणि तो रोज येतो म्हणूनच व्यायामाचा गुण येतो. व्यायाम सोबतीला टिकवितो, सोबत व्यायामाला टिकविते. त्यांची जी फारकत आपल्या तालमीच्या ओट्यावर झाली होती, ती येथें मिटली.

आपल्याकडे एकट्यानें व्यायाम करणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांचा जन्म १८६८ चा. त्यांनीं सूर्यनमस्काराचा प्रसार आयुष्यभर केला, आपल्या संस्थानांतील शाळांत ते सुरू केले, आणि १९३८ सालीं, सत्तरीच्या उंबरठ्यावर असतांना, या विषयावरील त्यांचें इंग्रजी पुस्तक लंडनमध्यें प्रसिद्ध झालें. वय हें व्यायामाला आडवें येत नाहीं, याचें हें जिवंत उदाहरण होतें. परंतु असा निश्चय शंभरांत एखाद्याचा. उरलेल्या नव्याण्णवांना सोबतीचा आधार लागतो.

हा आधार मुंबईंत एका निराळ्याच मार्गानें सांपडला. १३ मार्च १९९५ रोजीं डॉ. मदन कटारिया यांनीं अंधेरींतील एका सार्वजनिक बागेंत पांच माणसें जमवून हास्यमंडळ सुरू केलें. आरंभीं ही मंडळी वर्तुळांत उभी राहून विनोद सांगत. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, आणि उरलेल्यांनीं कोणाचें ना कोणाचें मन दुखावूं लागलें. तेव्हां डॉक्टरांनीं विनोद बाजूला ठेवला आणि हंसणें हीच एक कवायत केली: दीर्घ श्वास, टाळ्या, हात वर आणि मोठ्यानें हंसणें. आरंभीं हंसूं ओढूनताणून येतें. शेजारच्याचा चेहरा पाहून तें खरें होतें. आज ही चाल जगभर गेली आहे. आपल्या शहरांतील बागांत सकाळीं जो हंसण्याचा गजर ऐकूं येतो, त्याला तरुण लोक हंसतात. परंतु त्या वर्तुळांतील पांढऱ्या केसांची संख्या त्यांनीं एकदां मोजून पाहावी. एकट्याला आरशापुढें उभें राहून असें हंसतां येणार नाहीं. समुदाय हाच त्या व्यायामाचा प्राण आहे.

या उपक्रमांची मर्यादाही सांगितली पाहिजे. ज्याला सोबतीची सर्वांत अधिक गरज, तोच बहुधा येऊं शकत नाहीं. अंथरुणाला खिळलेला, दृष्टि गेलेला, तिसऱ्या मजल्यावरून जिना उतरूं न शकणारा, असा मनुष्य बागेपर्यंत कसा येणार? आपल्या घरांतील म्हाताऱ्या स्त्रियांची अडचण तर आणखी निराळी. सकाळची वेळ ही चहाची, डब्यांची, नातवंडांच्या शाळेची. आजोबा काठी घेऊन बागेंत जातात, आणि आजी ओट्याशीं उभी असते. तेव्हां वर्गाची वेळ ठरवितांना ती कोणाच्या सोईची आहे, हें पाहिलें पाहिजे. दुपारीं तीन-चारच्या सुमारास देवळाच्या सभामंडपांत वर्ग भरला तर ज्या स्त्रिया सकाळीं दिसत नाहींत, त्या येऊं शकतील. ज्यांना घराबाहेर पडतां येत नाहीं, त्यांच्याकडे आठवड्यांतून एक दिवस त्या वर्गानेंच जावें. हृदयविकार, चक्कर किंवा हाडांचें दुखणें असेल त्यानें आधीं डॉक्टरांना विचारूनच हात उचलावा, हें तर सांगावयास नकोच.

दुसरी सावधगिरी जपानच्या युद्धकाळानें शिकविली आहे. माणसें एकत्र आलीं कीं त्यांचा उपयोग करूं पाहणारे लगेच उभे राहतात. कोणाला त्यांचीं मतें हवीं असतात, कोणाला त्यांच्या खिशांतील पैसा हवा असतो, कोणाला टाळ्या हव्या असतात. वृद्धांच्या वर्गांत घोषणा शिरल्या, फलक शिरले, मानपान शिरला, कीं ज्याचें मत निराळें तो दुसऱ्या दिवसापासून येणें सोडतो, आणि त्याचा एकटेपणा पहिल्यापेक्षां दुणावतो. अंगण सर्वांचें राहिलें तरच तें आपलें राहतें.

२०११ च्या शिरगणतीप्रमाणें भारतांत साठीच्या पुढचीं माणसें दहा कोटींहून अधिक होतीं, आणि ही संख्या वाढतच जाणार आहे. इतक्या माणसांसाठीं पुरेशीं रुग्णालयें बांधणें कोणत्याही सरकारला अवघड आहे. परंतु पिंपळाचा पार गांवोगांवीं आहे. देवळाचें आवार आहे, शाळेचें पटांगण सकाळीं रिकामें असतें. उपकरण लागत नाहीं, पैसा लागत नाहीं. लागतात तीं दहा मिनिटें, कोणाही वृद्धास झेपतील अशा आठ-दहा हालचाली, आणि कांडांतल्या त्या पोलिसासारखा एक मनुष्य, जो पहिल्या दिवशीं दोघेच आले तरी दुसऱ्या दिवशीं त्याच वेळीं पुन्हां येऊन उभा राहील.

त्यानें बरोबर एक लहानशी वही मात्र ठेवावी, आणि तींत येणाऱ्यांचीं नांवें लिहावीं. रोज तीं वाचून दाखवावीं. एखाद्या नांवाला उत्तर आलें नाहीं, तर उन्हें वर येण्याच्या आंत त्या घरीं कोणीतरी जाऊन यावें.